आडोसा कोणी द्यायचा? शार्लटच्या स्वच्छतागृहांचं प्रकरण

२२ फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराच्या परिषदेने ७ विरुद्ध ४ मतांनी एक नियम मंजूर केला: ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नाही अशा, माणसांशी भेदभाव करू नये, आणि त्यांना आपल्या ओळखीप्रमाणे स्वच्छतागृह वापरू द्यावं. तो १ एप्रिलपासून लागू व्हायचा होता. त्याआधीच, २३ मार्चला, राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन बोलावलं, एका दिवसात दोन्ही सभागृहांत नवा कायदा मंजूर केला आणि शहराचा नियम लागू होण्याच्या आतच निकालात काढला. गव्हर्नर पॅट मॅक्रॉरी यांनी त्याच रात्री सही केली. हेच मॅक्रॉरी १९९५ ते २००९ अशी चौदा वर्षं शार्लटचे महापौर होते.

भांडण पेटलं ते स्वच्छतागृहांवरून, आणि शहराच्या नियमाचा रोख मुख्यतः खासगी व्यवसायांवर होता. हॉटेल, दुकान, पेट्रोल पंप, नाट्यगृह. जागा मालकाची, बांधकामाचा खर्च मालकाचा, झाडलोटही मालकाची. मग कोणी कुठल्या दारातून आत जायचं हे सरकारने सांगावं का? शार्लटने ‘हो’ म्हटलं, राज्याने ‘शहराने मुळीच सांगू नये’ म्हटलं. माझ्या मते दोघांनीही बोट ठेवलं ते चुकीच्या जागी. त्या काळात काय काय घडलं ते नीट पाहिलं की हे लक्षात येतं, म्हणून प्रकरण जरा तपशिलात सांगते.

सरकार आत आधीपासूनच होतं

‘खासगी धंद्याच्या स्वच्छतागृहात सरकारचं काय काम?’ हा प्रश्न ऐकायला रास्त वाटतो. पण सरकार तिथे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहे. १८८७ साली मॅसॅच्युसेट्सने कारखान्यांत स्त्रियांसाठी वेगळी शौचालयं बंधनकारक केली. असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. १९२० पर्यंत चाळीसहून अधिक राज्यांनी तीच वाट धरली. म्हणजे ‘पुरुष’ आणि ‘स्त्रिया’ अशी जी दोन दारं आपल्याला निसर्गनियमासारखी वाटतात, ती कामाच्या जागी कायद्याने आली. त्यामागे कामगार स्त्रियांची कळकळ होती, तशीच बाई नाजूक असते आणि तिची खरी जागा घरात, ही त्या काळातली समजूतही होती. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात नांदत होत्या.

आजही संघराज्याचे कामगार-सुरक्षा नियम मोजून सांगतात: १५ पर्यंत कामगार असतील तर एक शौचकूप, १६ ते ३५ असतील तर दोन, १११ ते १५० असतील तर सहा, आणि ते स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळ्या खोल्यांत. अपंगांच्या हक्कांसाठी १९९० साली झालेल्या कायद्याखालचे निकष व्हीलचेअर वळायला ६० इंचांची मोकळी जागा मागतात. खोली किती मोठी, नळ कितीशा उंचीवर, हे सगळं खासगी मालकाला सरकार सांगतंच. त्यामुळे ‘सरकारने लक्ष घालावं की नाही’ हा प्रश्न कधीच मागे पडला आहे. खरा प्रश्न उरतो तो कशात घालावं एवढाच.

‘माझं दुकान, माझी मर्जी’ हा मुद्दा याच राज्यात एकदा कसाला लागला होता, हेही सांगायला हवं. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्याच ग्रीन्सबरो इथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि उठले नाहीत. पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, खाणावळी, नाट्यगृहं आणि पेट्रोल पंप यांना वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देशावरून गिऱ्हाईक परत पाठवायला मनाई केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अटलांटातल्या एका मोटेलच्या खटल्यात तो कायदा उचलून धरला. दार लोकांसाठी उघडलंत की मर्जीला मर्यादा येते, हे तिथे ठरलं. मात्र त्या यादीत लिंगाचा उल्लेख नाही. संघराज्याचा हा कायदा तिथे गप्प आहे, आणि शार्लटला जी फट बुजवायची होती ती हीच.

वंशाची तुलना मी इथेच थांबवते. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ ही पाटी माणसाला हिणवण्यासाठी होती. ‘स्त्रिया’ ही पाटी बहुतेक स्त्रियांना स्वतःलाच हवी असते. हा फरक पुसून बोलणाऱ्यांनी शार्लटच्या बाजूचं भलं केलं नाही.

शार्लटने नेमकं काय बदललं

शहराच्या जुन्या नियमात लिंगभेदाला बंदी होती, पण एक अपवाद होता: स्वच्छतागृहं, न्हाणीघरं आणि तशाच खासगी स्वरूपाच्या जागा त्यातून वगळल्या होत्या. नव्या नियमाने दोन गोष्टी केल्या. भेदभावाला बंदी असलेल्या यादीत लैंगिक कल (आकर्षण कोणाचं वाटतं), लिंग-ओळख, लिंगाभिव्यक्ती (पेहराव-वागण्यातून ती ओळख दाखवणं), वैवाहिक स्थिती यांची भर घातली, आणि तो अपवाद सरळ खोडून टाकला.

भर घालणं योग्यच होतं. ट्रान्सजेंडर माणसाला हॉटेलातून हाकलू नये, टॅक्सी नाकारू नये, हे मान्य करायला फार मोठं मन लागत नाही. पण अपवाद खोडणं ही मसुद्यातली मोठी चूक होती असं मला वाटतं. विरोधकांनी लगेच अर्थ काढला की आता वेगळी दारं ठेवणंच बेकायदा. समर्थक म्हणत होते की पाट्या जिथल्या तिथे राहतील, फक्त कुठल्या दारातून जायचं हे त्या माणसाच्या ओळखीवर ठरेल. नियमातच हे एका वाक्यात लिहिलं असतं तर निम्मी आग तिथेच विझली असती. ते लिहिलं गेलं नाही.

आणि गाफील राहण्याचं कारणही नव्हतं. वर्षभरापूर्वी, मार्च २०१५ मध्ये, स्वच्छतागृहांचा भाग वगळून आणलेला मसुदा ५ विरुद्ध ६ मतांनी पडला होता. भाग वगळला म्हणून नाराज झालेल्या दोन समर्थकांनीही तेव्हा विरोधात मत दिलं होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या मतदारांनी असाच नियम सुमारे ६१ टक्के मतांनी फेटाळला होता, आणि तिथला प्रचार ‘बायकांच्या स्वच्छतागृहात पुरुष नको’ या एका ओळीवर चालला होता. पुढे काय वाढून ठेवलंय हे शार्लटच्या परिषदेला दिसत होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी गव्हर्नरांनी तसा इशाराही दिला होता.

राज्याचं उत्तर

हाऊस बिल २, म्हणजे एचबी २. प्रतिनिधिगृहात ८२ विरुद्ध २६. सेनेटमध्ये ३२ विरुद्ध शून्य, कारण विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले होते.

हा कायदा ‘बाथरूम कायदा’ म्हणून गाजला, पण त्यातला स्वच्छतागृहांचा भाग सरकारी इमारती आणि सरकारी शाळांपुरता होता. तिथे एकाहून अधिक माणसांच्या स्वच्छतागृहात जन्मदाखल्यावर जे लिंग लिहिलंय त्याप्रमाणेच जायचं, असं त्यात म्हटलं होतं. खासगी व्यवसायांवर असं कुठलंच बंधन नव्हतं. १२ एप्रिलला गव्हर्नरांनी काढलेल्या आदेशात तर स्पष्टच सांगितलं की खासगी व्यवसायाने आपलं धोरण आपण ठरवावं.

वरवर पाहता मालकांच्या स्वातंत्र्याचा हा विजय दिसतो. पण त्याच कायद्याने राज्यभरासाठी भेदभावबंदीची एक यादी घातली, तीत लैंगिक कल आणि लिंग-ओळख नव्हती, आणि शहरांना त्या यादीपलीकडे जायला बंदी केली. शहरांनी खासगी व्यवसायांसाठी किमान वेतन ठरवू नये, हेही त्याच कायद्यात होतं. वेतनाचा आणि स्वच्छतागृहाचा काय संबंध? नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध राज्याच्या न्यायालयात दाद मागायचा मार्गही बंद केला होता. तो जुलैमध्ये पुन्हा उघडावा लागला, कारण त्याचा फटका वंश, धर्म, वय अशा जुन्या तक्रारींनाही बसत होता. स्वच्छतागृहाचं दार पुढे करून त्याच्या आडून बरंच काही आत नेलं गेलं. लोक मात्र दाराकडेच पाहत राहिले, आणि याची मला आजही चीड येते.

कोण तपासणार?

एचबी २ मध्ये नियम होता, पण तो मोडल्यास शिक्षा काय आणि तो पाळला जातोय का हे बघायचं कोणी, याबद्दल अक्षर नव्हतं. राज्याच्या विद्यापीठाच्या अध्यक्षा मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी न्यायालयाला कळवलं की कायद्यात अंमलबजावणीची तरतूद नाही आणि आमचाही तसा काही विचार नाही.

ही त्रुटी अनवधानाने राहिली असेल, पण ती भरायची कशी याचा विचार केला की अंगावर काटा येतो. दारात पहारेकरी उभा करून जन्मदाखले मागायचे? प्रवासात जन्मदाखला कोण बरोबर ठेवतं? दाखला तपासायचा नसेल तर उरतो चेहरा, आवाज, केस, उंची. म्हणजे चेहऱ्यावरून संशय घ्यायचा. तशा संशयाची पहिली शिकार कोण होईल? आखूड केसांची, रुंद खांद्यांची, जाड आवाजाची कुठलीही बाई. जिच्या रक्षणासाठी कायदा केला, तिलाच दारात उभं राहून आपण बाई असल्याचं सिद्ध करावं लागेल.

शिवाय जन्मदाखल्याचा हिशेब स्वतःवरच उलटतो. स्त्री म्हणून नोंद झालेली, पण अनेक वर्षं पुरुष म्हणून जगणारी, दाढी असलेली व्यक्ती या कायद्यानुसार स्त्रियांच्या स्वच्छतागृहात जायला हवी. नॉर्थ कॅरोलायनात तेव्हा दाखल्यावरचं लिंग बदलायला लिंगबदल शस्त्रक्रियेचा पुरावा लागत असे, आणि अनेकांची ती शस्त्रक्रिया झालेली नसते. दाढीवाला माणूस आत शिरला की तिथल्या बायका दचकणारच. ज्या भीतीचं नाव पुढे केलं होतं, तीच भीती कायदा स्वतः दारात आणून उभी करत होता.

२६ ऑगस्ट २०१६ रोजी संघराज्याचे न्यायाधीश टॉमस श्रोडर यांनी विद्यापीठाशी संबंधित तीन तक्रारदारांपुरता हा नियम लागू करायला तात्पुरती मनाई केली. घुसखोरी आणि अश्लील वर्तनाविरुद्धचे कायदे आधीपासून आहेत, ते कुठे गेलेले नाहीत, हा मुद्दा त्या आदेशात आहे. मला तो कळीचा वाटतो. स्वच्छतागृहात चोरून पाहणं, चित्रीकरण करणं, अंगचटीला जाणं हे गुन्हे करणाऱ्याचं लिंग बघून ठरत नाहीत.

भीतीबद्दल

मी बाई आहे. अनोळखी जागी, रात्री, रिकाम्या स्वच्छतागृहात शिरताना मी आधी पायांखालच्या फटीतून बघते की आत कोणी आहे का. त्यामुळे शार्लटच्या सभांमध्ये आपल्या मुलींबद्दल काळजीने बोलणाऱ्या आयांना मी प्रतिगामी म्हणून झटकणार नाही. ती काळजी खरी असते, आणि तिला आकडे तोंडावर फेकून गप्प करणं मला पटत नाही.

तरीही आकडे बघायलाच हवेत. मॅसॅच्युसेट्समध्ये लिंग-ओळखीला संरक्षण देणारे नियम असलेली गावं आणि नसलेली गावं यांची तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वच्छतागृहांतल्या गुन्ह्यांचा आणि अशा नियमांचा काही संबंध त्यात आढळला नाही. त्याच वर्षी त्या राज्याच्या मतदारांनी आपला तसा कायदा सुमारे दोन तृतीयांश मतांनी कायम ठेवला.

मग भीती येते कुठून? मला वाटतं, ती बरीचशी त्या फटीतून येते. अमेरिकेतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांतले पडदीवजा कप्पे खाली फूटभर उघडे असतात, वर उघडे असतात, आणि दाराच्या कडेला बोटभर चिरही असते. आत बसलेल्या माणसाला खरा आडोसा नसतोच. तो नसल्यामुळे बाहेर कोण उभं आहे याला इतकं महत्त्व येतं. पाटी भिंतीचं काम करू बघते, आणि पाटीला ते जमत नाही. जमिनीपासून छतापर्यंत भिंत, पक्कं दार, आतून कडी आणि बाहेर सगळ्यांना दिसेल असं हात धुण्याचं सामाईक ठिकाण, एवढं असलं तर शेजारच्या कप्प्यात कोण आहे हे विचारायची वेळ किती जणींवर येईल?

पैसा आणि माघार

पेपॅलने शार्लटमध्ये ४०० नोकऱ्यांचं केंद्र काढायची घोषणा मार्चमध्येच केली होती, ती ५ एप्रिलला मागे घेतली. डॉइश बँकेने केरी शहरातली २५० नोकऱ्यांची वाढ थांबवली. एनबीए या बास्केटबॉल संघटनेने २०१७ चा ऑल-स्टार सामना शार्लटहून न्यू ऑर्लीन्सला हलवला. सप्टेंबरमध्ये विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने, एनसीएएने, सात अजिंक्यपद स्पर्धा राज्यातून काढल्या. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मार्च २०१७ मध्ये बारा वर्षांत मिळून ३.७६ अब्ज डॉलरच्या नुकसानीचा हिशेब मांडला. आकडा मोठा दिसतो, पण राज्याची अख्खी अर्थव्यवस्था वर्षाला ५०० अब्ज डॉलरच्या आसपास होती. राज्य काही बुडालं नाही. उद्योगांच्या दबावाने हा प्रश्न सुटावा याचा मला फारसा आनंदही नाही. उद्या हाच दबाव किमान वेतन वाढवणाऱ्या राज्यावर आला तर?

नोव्हेंबर २०१६ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत मॅक्रॉरी डेमोक्रॅटिक पक्षाच्या रॉय कूपर यांच्याकडून सुमारे १० हजार मतांनी हरले. डिसेंबरमध्ये शार्लटने आपला नियम मागे घेतला, बदल्यात राज्य एचबी २ मागे घेईल या अपेक्षेने. विधिमंडळाने तो घेतला नाही. अखेर ३० मार्च २०१७ रोजी, पुढच्या स्पर्धा राज्याला द्यायच्या की नाही हे ठरवायला एनसीएएने घातलेली मुदत डोक्यावर असताना, एचबी १४२ हा नवा कायदा आला. त्याने एचबी २ रद्द केला, पण विधिमंडळाने परवानगी दिल्याशिवाय एकाहून अधिक माणसांच्या स्वच्छतागृहांच्या प्रवेशाबद्दल कुठल्याही शहराने नियम करू नये असंही ठरवलं. भेदभावबंदीचे नवे स्थानिक नियम १ डिसेंबर २०२० पर्यंत गोठवले. दोन्ही बाजूंनी ओरड केली. जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार, राज्याच्या कार्यकारी खात्यांच्या इमारतींत ट्रान्सजेंडर माणसांना आपल्या ओळखीप्रमाणे स्वच्छतागृह वापरायला या कायद्याची आडकाठी राहिली नाही. खासगी व्यवसायांचा त्यात विषयच नव्हता.

मग खासगी जागेत सरकारने काय करावं?

लढाई चालू असतानाच एका खासगी कंपनीने जे केलं, ते मला दोन्ही सरकारांच्या कागदांपेक्षा शहाणपणाचं वाटतं. टार्गेट या दुकानसाखळीने एप्रिल २०१६ मध्ये जाहीर केलं की गिऱ्हाइकाने आपल्या ओळखीनुसार स्वच्छतागृह वापरावं. बहिष्काराच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. कंपनीने धोरण सोडलं नाही. ऑगस्टमध्ये तिने सांगितलं की ज्या दुकानांत एकट्यासाठीची, कडी लागणारी खोली अजून नाही तिथे ती बांधू, आणि त्यासाठी २ कोटी डॉलर काढून ठेवले. धास्तावलेल्या आईची सोय झाली, ट्रान्सजेंडर गिऱ्हाइकाचीही झाली, आणि लहान मुलीला घेऊन आलेल्या बापाचीही.

पण हे कंपनीच्या मर्जीवर सोडावं, असं मी म्हणणार नाही. रात्री महामार्गावरच्या एकुलत्या एका पेट्रोल पंपावर ज्याला ‘तू इथलं दार वापरू नकोस, आणि तिथलंही नको’ असं सांगितलं जातं, त्याच्यासाठी मालकाचं स्वातंत्र्य म्हणजे काय? त्याने लघवी दाबून पुढचा तास काढायचा. म्हणून माझ्या मते सरकारने तीन ठिकाणी हात घालावा. नव्या बांधकामात खरा आडोसा बंधनकारक करावा. जागा लोकांसाठी खुली असेल तर कोणालाही स्वच्छतागृहाविना परत पाठवू नये. आणि संख्येचे निकष पाळायला लावावेत, कारण रांग नेहमी बायकांचीच लांब असते. पाटीवर काय लिहायचं ते मालकाने ठरवावं. टेनेसीने २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींना सवलत देणाऱ्या व्यवसायांना दारावर इशाऱ्याची पाटी लावायची सक्ती केली, तेव्हा न्यायालयाने ती थांबवली आणि पुढच्या वर्षी कायमची रद्द केली: सरकारचे शब्द मालकाच्या तोंडी कोंबता येत नाहीत म्हणून.

जुने निकष इथे आड येतात असं कोणी म्हणेल. पण ज्या कामगार-सुरक्षा नियमात स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या खोल्यांची अट आहे, त्यातच अपवाद लिहिलेला आहे: खोली एका वेळी एकच जण वापरणार असेल आणि आतून बंद होत असेल, तर दोन दारांची सक्ती नाही. कॅलिफोर्नियाने १ मार्च २०१७ पासून व्यवसायांतली अशी एकट्याची सगळी स्वच्छतागृहं सर्वांसाठी खुली ठेवायला लावली. अमेरिकेत अनेक राज्यं ज्या नमुना प्लंबिंग संहितेवर आपले नियम बेततात, तिच्या २०२१ च्या आवृत्तीत प्रत्येक शौचकूप वेगळ्या बंद कप्प्यात असेल तर अनेकांचं सामाईक स्वच्छतागृहही चालतं.

९ ऑगस्ट २०२१ रोजी शार्लटच्या परिषदेने पुन्हा मतदान केलं. लैंगिक कल, लिंग-ओळख, लिंगाभिव्यक्ती यांना संरक्षण देणारा नियम या वेळी एकमताने मंजूर झाला. हॉटेलं आली, दुकानं आली, नोकऱ्या आल्या. स्वच्छतागृहांच्या प्रवेशाबद्दल मात्र त्यात काही घालता आलं नाही, कारण एचबी १४२ मधली ती बंदी तशीच उभी होती. त्या पेट्रोल पंपावर दार उघडायचं की नाही, हे अजूनही काउंटरमागचा माणूस ठरवतो.